मागची केबिन

रुग्णवाहिका चालवतो म्हटल्यावर माणसं ठरलेले दोन प्रश्न विचारतात. किती स्पीडने नेता? आणि सायरन वाजवला की लोक खरंच बाजूला होतात का? दोन्ही प्रश्न पुढच्या केबिनचे. मागच्या केबिनविषयी क्वचितच कोणी काही विचारतं. माझा अर्धा जीव मात्र तिथेच असतो, म्हणून आज तिच्याबद्दलच लिहितो.

आमची गाडी एका छोट्या संस्थेची. सावंतवाडी आणि आजूबाजूच्या गावांतून पेशंट घ्यायचा आणि बहुतेक वेळा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला पोचवायचा. आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की 'बांबोळीक नेला' असंच म्हणतात. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, पण तिकडे जायचं तर आंबोली घाट चढावा लागतो. बांबोळीचा रस्ता बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी असा हायवेने जातो, घाट लागत नाही. १०८ क्रमांकाच्या गाड्या महाराष्ट्रात २०१४ पासून आहेत. त्यांच्यात डॉक्टर असतो आणि ड्रायव्हरला पायलट म्हणतात. आमची गाडी त्या जातीची नव्हे. रुग्णवाहिका कशी बांधावी याचं एआयएस-१२५ नावाचं मानक आहे, त्यात ए, बी, सी, डी असे प्रकार आहेत. आमची बी, म्हणजे पेशंट नेण्यापुरती. स्ट्रेचर, ऑक्सिजन, सलाईन अडकवायचा हुक, एक बाकडं. मागे कधी सिस्टर असते, कधी फक्त घरचं माणूस. घरच्या माणसाला त्या केबिनमधलं एकही बटण माहीत नसतं आणि त्या वेळी ते शिकायच्या मनःस्थितीतही ते नसतं. त्यामुळे मागचं सगळं ड्रायव्हरला पाठ असावं लागतं, अगदी अंधारात हाताला सापडेल इतकं.

ही गाडी मला तात्यांनी शिकवली. तात्या माझ्या आधीचे ड्रायव्हर. मला लायसन्स होतं, पिकअपवर बरीच वर्षं काढली होती, तेव्हा गिअर-क्लच शिकायचा प्रश्न नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी चावी दिली नाही. मागचा दरवाजा उघडला आणि म्हणाले, "वर चड आणि आडवो पड."

मी स्ट्रेचरवर झोपलो. त्यांनी पट्टे बांधले, दरवाजा लावला आणि गाडी काढली. रस्ता रोजचाच, माझ्या पायाखालचा. आडवं पडल्यावर तो ओळखू येईना. दिसतं ते फक्त छत आणि डोळ्यांवर येणारा दिवा. रुग्णवाहिकेत पेशंटचं डोकं पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला असतं आणि पाय मागच्या दाराकडे. म्हणून ब्रेक लागला की अख्खं शरीर डोक्याकडे सरकतं. उभ्या माणसाचा तोल जातो तसं हे नसतं. रक्त डोक्यात उतरल्यासारखं वाटतं, पोटातलं वर येतं. गाडीने वेग घेतला की तेच उलट, पायांकडे. वळणावर अंगाला धरायला काही नसतं. आणि गतिरोधक! पुढची चाकं त्याच्यावरून गेली की ड्रायव्हरला वाटतं, झालं, पार पडलो, आणि पाय ॲक्सिलरेटरवर जातो. मागची चाकं अजून यायची असतात. ती वेगात आदळली की मागच्या चाकांच्याही मागे जो पत्रा आहे, तो उसळतो. तिथे पेशंटचे पाय असतात. पाय मोडलेला माणूस असेल तर त्याचं काय होत असेल, ते तात्यांनी मला तोंडाने कधीच सांगितलं नाही. दोनदा त्यांनी मुद्दाम तसं केलं आणि मला कळलं.

त्यात एक यंत्राची गोष्टही आहे. या गाड्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, वजन पेलण्यासाठी केलेले असतात. तेरा-चौदा माणसं आणि त्यांचं सामान भरलं की तीच गाडी डुलत, मऊ चालते. आमच्या गाडीत मागे दोन-तीन माणसं. पाटे दबतच नाहीत, खड्डा जसाच्या तसा वर येतो. टायरमध्ये हवा भरताना पंपवाला नेहमीच्या सवयीने भरलेल्या गाडीचा आकडा लावतो, तिथे उभं राहून हलक्या गाडीचा आकडा सांगावा लागतो. एवढ्याशा गोष्टीने मागच्या केबिनमध्ये केवढा फरक पडतो!

पुढे केव्हातरी वाचनात आलं की नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे याने १७९० च्या दशकात जखमी सैनिकांसाठी हलक्या घोडागाड्या करून घेतल्या होत्या. त्यांना स्प्रिंगा होत्या आणि आतली गादीची चौकट लहान चाकांवर सरकत बाहेर यायची. वाचताना मला फार बरं वाटलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, लढाईच्या धामधुमीत, कोणीतरी झोपलेल्या माणसाच्या अंगाला काय जाणवतं याचा विचार केला होता. आजची आमची स्ट्रेचर ट्रॉलीसुद्धा त्याच कल्पनेची. आत ढकलताना पाय दुमडतात, बाहेर ओढताना उघडतात.

त्या ट्रॉलीचं कुलूप ही मागच्या केबिनमधली पहिली गोष्ट, जी मी कोणावरही सोपवत नाही. ट्रॉली आत गेली की जमिनीवरच्या खाचेत तिचा दांडा बसतो आणि 'खट्ट' आवाज येतो. नातेवाईकांच्या गलक्यात तो आवाज ऐकू येत नाही. आला तरी त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. ट्रॉली दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात मागे ओढायची. हलली नाही, तरच दरवाजा लावायचा. नंतर पट्टे. बऱ्याच गाड्यांत छाती आणि पाय एवढेच पट्टे बांधतात, खांद्यावरचे पट्टे गुंडाळून गादीखाली पडलेले असतात. वर सांगितलं तसं ब्रेक लागल्यावर शरीर डोक्याकडेच जाणार, आणि त्याला अडवणारे फक्त खांद्याचे पट्टे. एखादा नातेवाईक म्हणतो, "त्येका बांधून कशाक ठेवतास?" त्याला मी सांगतो, हे बांधणं नव्हे, धरणं आहे. तुम्ही हाताने धरून बसाल, पण वळणावर तुम्हालाच कोणीतरी धरावं लागेल.

आता ऑक्सिजन. यावर थोडा वेळ घेतो, कारण मागच्या केबिनमधली सगळ्यात साधी दिसणारी आणि सगळ्यात जास्त घोटाळ्याची वस्तू हीच.

काळा सिलिंडर, पांढरे खांदे. आपल्याकडे ऑक्सिजनची खूण ती. आमच्याकडे दहा लिटर पाणी मावेल एवढा असतो, पट्ट्याने भिंतीशी आवळलेला. तो पट्टा सैल असेल तर पंधराएक किलो लोखंड पेशंटच्या उशाशी मोकळं आहे असं समजा. त्याची चावी साखळीने तिथेच बांधलेली असते. ती खिशात घालून घरी नेणाऱ्या ड्रायव्हरला मी माफ करणार नाही. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. आधी पाव वळसा, दाबाचा काटा वर चढू द्यायचा, मग पूर्ण. झटक्यात उघडला तर दाब रेग्युलेटरवर एकदम आदळतो. हाताला तेल, ग्रीस, साधं हँड क्रीमसुद्धा लागलेलं असेल तर हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनपुढे तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो. नुकतंच इंजिन ऑइल बघून आलेल्या ड्रायव्हरने हे पक्कं ध्यानात ठेवायचं.

काटा चढल्यावर फ्लोमीटर, किती वारा जातो ते दाखवणारा. काचेच्या नळीत एक गोळी वर उचलली जाते. आकडा वाचायचा तो गोळीच्या मध्यावर, वरच्या किंवा खालच्या कडेला नाही. खाली पाण्याची बाटली असते, तिच्यावर किमान-कमाल अशा रेघा. पाणी कमी असेल तर कोरडा वारा नाकात जाऊन नाक सोलतो, जास्त असेल तर पाणी नळीत चढतं. बुडबुडे येतात म्हणजे वारा बाटलीपर्यंत आला. तो पेशंटपर्यंत पोचतो की नाही, ते नळीचं दुसरं टोक गालाशी नेऊन बघायचं. वाकलेली नळी, बाकड्याच्या पायाखाली दबलेली नळी, नीट न बसलेलं बाटलीचं झाकण, हे सगळं बुडबुड्यांवरून कळतंच असं नाही. गाल खोटं सांगत नाही.

आणि हिशेब. किती लिटरने द्यायचा हे डॉक्टर किंवा सिस्टर ठरवणार, त्यात ड्रायव्हरने तोंड घालू नये. तो किती वेळ पुरेल हे मात्र ड्रायव्हरने सांगायचं, कारण रस्ता त्याला माहीत असतो. दहा लिटरचा सिलिंडर आणि दाबाचा काटा १२० बारवर असेल तर दहा गुणिले एकशेवीस, म्हणजे साधारण १२०० लिटर वारा. मिनिटाला सहा लिटरने चालू असेल तर २०० मिनिटं, निवांत. पण मोठा मास्क लावून पंधरा लिटरने चालू केला की तोच सिलिंडर ८० मिनिटांत संपतो. त्यातला पाचवा हिस्सा हातचा ठेवायचा, म्हणजे खरा हिशेब तासाभराचा. आता पर्वरीला वाहनांची रांग लागली तर? शनिवारी संध्याकाळी म्हापशाच्या बाहेरच अडकलो तर? हा प्रश्न निघण्याआधी विचारायचा असतो. दुसरा सिलिंडर चढवायचा की नाही ते दारातच ठरतं. वाटेत संपत आलेला काटा बघून गाडी पळवणं याला मी ड्रायव्हिंग म्हणत नाही. ती वेळ येऊ न देणं हे ड्रायव्हिंग.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. आत तीन बटणं आहेत: दोन बाजूचे दिवे आणि मधला मोठा. पेशंट चढवताना तिन्ही लागतात. गाडी निघाली की मधला बंद, कारण तो सरळ डोळ्यांत जातो, आणि आजारी माणूस मान वळवू शकत नसेल तर त्याला मिटल्या डोळ्यांतूनही तो टोचतो. सिस्टर सलाईन बघणार असेल तर त्या बाजूचा एक ठेवायचा. रात्री मागचा सगळा उजेड पुढच्या काचेवर पडून रस्ता दिसेनासा होतो, तेव्हा माझ्या पाठीमागच्या मधल्या खिडकीचा पडदा ओढायचा. पडदा ओढला तरी खिडकी बंद करायची नाही. तिच्याकडे येतोच.

एसीचं मात्र नीट सांगायला हवं. पुढे बसलेल्याला घाम येतो म्हणून तो थंडावा वाढवतो. मागचा माणूस आजारी, कधी रक्त गेलेला, पातळ चादरीखाली. त्याचं अंग आधीच गार पडत असतं. मागच्या ब्लोअरचं बटण वेगळं असतं आणि तोंड छताला असतं, तिथून वारा थेट छातीवर येतो. जाळीच्या पट्ट्या हाताने वळवून तो झोत भिंतीकडे करायचा. मागे बसलेल्याला थंडी वाजते का हे विचारायचं नाही, संकोचाने सगळे 'नाही' म्हणतात. आपणच एकदा मागे जाऊन हात फिरवून बघायचा.

दुसरी गोष्ट आम्ही २०२० साली शिकलो. एसीला दोन चाली असतात: आतलीच हवा फिरवायची, किंवा बाहेरची ताजी घ्यायची. त्याआधी आम्ही सगळेच आतली हवा फिरवत होतो, लवकर गार होतं म्हणून. करोनाच्या काळात ती सवय मोडावी लागली. मधली खिडकी बंद, पुढे बाहेरची हवा चालू, मागे छतातला पंखा हवा बाहेर फेकणारा. म्हणजे वारा पुढून मागे जाईल आणि बाहेर पडेल, उलटा ड्रायव्हरकडे येणार नाही. क्षयाचा पेशंट असेल तेव्हा आजही आम्ही हेच करतो. त्या छताच्या पंख्याचं बटण किती गाड्यांत सुरू आहे ते कोणीतरी एकदा बघावं. आणि एक: दारात गाडी उभी करून मागचा दरवाजा सताड उघडा ठेवायचा असेल तर इंजिन बंद करावं. सायलेन्सरचा धूर सरळ आत येतो, पेशंटच्या छातीला तोच नको असतो.

सायरन. लोकांना वाटतं गाडी सुरू झाली की तो लागतो. माझ्या समोरच्या पेटीवर त्याचे तीन-चार सूर आहेत, एक लांब चढणारा, एक तुटक घाईचा, आणि एक माईक. मोकळ्या रस्त्याला लांब सूर, चौकात तुटक, कारण सूर बदलला की लोकांचं लक्ष जातं. पण आवाज बाहेर जातो तसा आतही येतो. आधीच घाबरलेल्या माणसाला तो सांगत राहतो की तुझं काही खरं नाही. छातीत दुखणाऱ्या पेशंटला मी शक्य तितका सायरन न वाजवता नेतो, नुसता वरचा दिवा आणि डिपर. रात्री दोन वाजता मोकळ्या हायवेवर तो वाजवून काय मिळतं? गर्दी आली की मात्र वाजवायचा आणि वाट मागायची, तो आपला हक्क आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं, रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाच्या भीतीने बाजूला होणारा अजून मला भेटलेला नाही. जे होतात ते मनापासून होतात. पत्रादेवीच्या अलीकडे एकदा बारक्या टेम्पोवाल्याने चिखलात गाडी घातली आणि मला जागा दिली. पावसाचे दिवस, तो नक्की रुतला असणार.

आंबोली घाटात सायरन फारसा उपयोगाचा नाही. चौकुळ, गेळे इकडून पेशंट खाली आणायचा असतो. वळणापलीकडच्या गाडीला आवाज उशिरा कळतो, आणि पावसाळ्यात धबधब्यापाशी पर्यटक रस्त्यातच उभे. तिथे माईक बरा. "अहो दादा, पेशंट आहे, जरा गाडी पुढे घ्या" म्हटलं की माणूस ऐकतो. भोंग्याने माणूस दचकतो, हाक मारली की वळून बघतो. उताराला दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनवर गाडी सोडायची, ब्रेकवर नाही. चाकं तापू नयेत हे एक कारण झालंच. दुसरं, प्रत्येक ब्रेकला मागे काय होतं ते मी आडवं पडून पाहिलेलं आहे.

आता ती मधली खिडकी. ड्रायव्हरच्या पाठीमागे, सरकती, वहीएवढी काच. यंत्र म्हणून तिच्यात काही नाही. पण सगळ्या गाडीत माझं सर्वांत जवळचं काय असेल तर ती. तिच्यातून सिस्टरचा आवाज येतो, "दादा, दोन मिनिटं थांबवा" किंवा "जरा दमानं." तिच्यातून उलटीचा, कण्हण्याचा, अचानक बंद झालेल्या कण्हण्याचा आवाज येतो. काच लावून गाणी ऐकत जाणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांना मागचं सहन होत नसेल, मी समजू शकतो, पण मग हे काम करू नये.

एकदा माडखोलच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाईंना नेत होतो. मांडीचं हाड मोडलेलं. मुलगा सोबत, पण तो फोनवर पैशाची जुळवाजुळव करण्यात. थोड्या वेळाने खिडकीतून बारीक आवाज आला, "बाबू, खय इलंव रे?"

"बांद्याच्या पुढे इलंव, आजये."

पुन्हा थोड्या वेळाने तेच. मग मी विचारायची वाट बघितलीच नाही. पत्रादेवी आली, आता गोवा लागला. आता पेडणे. हा म्हापसा. आता मोठ्या पुलावर चढतो आहोत, खाली मांडवी आहे. अटल सेतूवर त्यांनी विचारलं, नदीला पाणी किती आहे. मी बघून सांगितलं, भरतीचं आहे, होड्या दिसतात. त्यांना छताशिवाय काही दिसत नव्हतं, तरी बांबोळी येईपर्यंत त्या आपल्या मनात तो रस्ता बघत आल्या. तेव्हापासून शुद्धीत असलेल्या प्रत्येक पेशंटला मी गावं सांगत जातो. आणि गतिरोधक आला की आधी सांगतो, "आता एक उंचवटा येतो हां." आधी कळलं की माणूस अंग घट्ट करून धरतो, दुखणं निम्म्याने तरी कमी होत असावं. तशी अनेकांनी नंतर कबुलीही दिली आहे.

हे सगळं लिहायला आणखी एक कारण आहे. गावोगावी संस्था, पतपेढ्या, मंडळं आता रुग्णवाहिका घेतात. लोकार्पण होतं, नारळ फुटतो, दारावर देणगीदारांची नावं मोठ्या अक्षरांत येतात. फार चांगली गोष्ट आहे, आणि अशा गाडीवरच माझं पोट आहे. पण बॉडी बांधायला देताना विश्वस्तांनी एकदा तयार गाडीच्या मागच्या केबिनमध्ये जावं आणि स्ट्रेचरवर आडवं व्हावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मागे बसलेल्या सिस्टरचा पट्टा न सोडता तिचा हात ऑक्सिजनपर्यंत पोचतो का, ते बघावं. दिव्यांची बटणं पुढे ड्रायव्हरकडेच ठेवली आहेत का, ते बघावं. ती मागेही हवीत. बाकड्याला धरायला दांडा आहे का? सलाईनचा हुक पेशंटच्या डोक्यावर येतो का, की वळणावर बाटली त्याच्याच कपाळाला लागेल? जमीन ओली झाल्यावर घसरते का? मागचा दरवाजा आतून उघडतो का? आणि मधली खिडकी आहे ना? कारण खर्च वाचवायला अनेकदा सरळ पत्रा मारून देतात. तसा पत्रा मारलेली गाडी ताब्यात घेऊ नका. बांधणाऱ्याला परत द्या आणि खिडकी कापून घ्या, मग बाहेर नावं रंगवा.

आमच्याकडे नवीन मुलगा येणार आहे, तात्या आता थकले. त्याचं लायसन्स, बॅज, सगळं झालं आहे, हात चांगला आहे असं ऐकतो. सोमवारी त्याला बोलावलं आहे, आणि रस्ता मुद्दाम खड्ड्यांचा निवडला आहे. चावी माझ्याकडे असेल. स्ट्रेचरची गादी पुसून ठेवली आहे.